वाणीचा हक्क : तमिळ चित्रपटातील अभिनयशैलींचा एक विचार

१

तमिळ चित्रपटातील अभिनयाविषयी तमिळेतर भाषांत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक विशेषण हमखास भेटते : 'भडक'. 'नाटकी', 'अतिरंजित', 'वाचाळ' हे त्याचेच सौम्य-तीव्र पर्याय होत. या विशेषणांमागे एक इतिहासक्रमही गृहीत धरलेला असतो. शिवाजी गणेशन यांच्या पिढीने रंगभूमीवरील अभिनय जसाच्या तसा पडद्यावर आणला, १९७० च्या दशकातील दिग्दर्शकांनी त्याला लगाम घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो 'स्वाभाविक' केला, असा हा क्रम सांगितला जातो. म्हणजे तमिळ अभिनयाचा इतिहास हा जणू आवाज हळूहळू खाली आणण्याचा इतिहास ठरतो. ही मांडणी सोयीची आहे; तथापि जे चित्रपट तिच्या आधारासाठी पुढे केले जातात, तेच बारकाईने पाहिले असता तिच्या आड येतात.

या मांडणीतील पहिला दोष तिच्या निकषात आहे. पात्र होऊन 'असणे' म्हणजे श्रेष्ठ अभिनय आणि पात्र 'दाखवणे' म्हणजे कनिष्ठ, हा निकष वास्तववादी रंगभूमीने घडवलेला आहे. त्या रंगभूमीपुरता तो समर्थही आहे. परंतु आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चतुर्विध रूप मानणाऱ्या परंपरेत वाचिकाला गौण स्थान कधीच नव्हते. मराठी समीक्षेला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. गणपतराव जोशी यांच्या आणि नानासाहेब फाटकांच्या वाणीविषयी आदराने लिहिणारी ही समीक्षा शिवाजी गणेशन यांच्याकडे वळताच 'नाटकी' या शब्दाचा निंदाव्यंजक वापर करू लागते, तेव्हा ती आपल्याच परंपरेचा निकष बाजूला ठेवत असते.

दुसरा दोष आस्वादाच्या परिस्थितीतून आलेला आहे. मराठी प्रेक्षकाला तमिळ चित्रपट भेटला तो मुख्यतः तीन वाटांनी : हिंदी पुनर्निर्मितीतून, हिंदी ध्वनिरूपांतरातून आणि उपशीर्षकांच्या साहाय्याने. श्रीधर यांनी 'नेंजिल ओर आलयम' (१९६२) स्वतःच 'दिल एक मंदिर' (१९६३) म्हणून हिंदीत केला, तेव्हा कथा आली आणि नट बदलले. मणिरत्नम यांचा 'रोजा' (१९९२) हिंदीत आला, तेव्हा चेहरे तेच राहिले आणि वाणी बदलली. चित्रपट मंडळांच्या खेळांत आणि १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी दाखवल्या जाणाऱ्या प्रादेशिक चित्रपटांत मूळ आवाज कानी पडत होता, पण प्रेक्षकाचे लक्ष पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळींवर असे. जी शैली मूलतः वाचिक आहे ती या तिन्ही वाटांवर सर्वाधिक हानी सोसते. शब्दाचा नाद, त्याची यमके, त्याची सामाजिक पातळी हे सारे गळून पडते आणि उरतो तो केवळ ताणलेला चेहरा. अशा चेहऱ्याला 'भडक' म्हणणे म्हणजे गायकाला आवाज बंद करून पाहणे आणि मग त्याच्या हातवाऱ्यांविषयी तक्रार करणे होय.

तेव्हा अभिनय किती भडक आणि किती संयत, या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. एखाद्या चित्रपटात बोलण्याचा हक्क कोणाला आहे, तो कोणत्या तमिळमध्ये आणि कोणासमोर बजावला जातो? तमिळ चित्रपटातील दिग्दर्शकांचे आणि नटांचे महत्त्वाचे भेद या प्रश्नाच्या उजेडात वेगळे दिसू लागतात.

२

या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून कृष्णन-पंजू दिग्दर्शित 'पराशक्ती' (१९५२) हा चित्रपट घ्यावा लागतो. संवाद मु. करुणानिधी यांचे, शिवाजी गणेशन आणि एस. एस. राजेंद्रन या दोघांचेही हे पदार्पण. रंगूनहून मायदेशी परतलेला गुणशेखरन मद्रासमध्ये लुबाडला जातो, वेडाचे सोंग घेतो, बहिणीच्या विपत्तीचा साक्षी होतो आणि तिच्यावर हात टाकू पाहणाऱ्या पुजाऱ्यावर हल्ला केल्याबद्दल अखेर न्यायालयात उभा राहतो. न्यायासनावर त्याचाच भाऊ बसलेला असतो. कथानक म्हणून पाहिले तर योगायोगांनी भरलेला हा एक सर्वसाधारण कौटुंबिक मेलोड्रामा आहे. त्याचे असामान्यत्व आहे ते भाषेच्या वाटपात.

तमिळमध्ये ग्रांथिक भाषा आणि बोली यांच्यातील अंतर मराठीतील प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातील अंतराहून कितीतरी मोठे आहे. ग्रांथिक तमिळ ही दीर्घ काळ पंडितांची मिरास होती. द्रविड चळवळीच्या वक्त्यांनी ती सभामंचावर आणली, तिला आद्याक्षरांच्या अनुप्रासांची आणि समतोल वाक्यखंडांची लय दिली आणि सामान्य श्रोत्याला तिचा अभिमान वाटायला लावले. 'पराशक्ती'ने याच्या पुढचे पाऊल टाकले : ही भाषा फाटक्या कपड्यांतल्या माणसाच्या तोंडी घातली. न्यायालयात गुणशेखरन स्वतःची बाजू मांडतो तेव्हा सर्वांत सुसंस्कृत तमिळ बोलणारा मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. मंदिराला विरोध नसून मंदिर दुष्टांचा आसरा बनण्याला विरोध आहे, हे त्याच्या निवेदनाचे सूत्र. पण सूत्रापेक्षाही महत्त्वाची आहे ती बोलण्याची कृती. कायद्याच्या दृष्टीने जो केवळ आरोपी आहे, तो भाषेच्या बळावर फिर्यादी बनतो.

याच चित्रपटात त्याआधी एक प्रसंग येतो. गुणशेखरन देवीच्या मूर्तीआडून बोलतो. दचकलेल्या पुजाऱ्याला वाटते, साक्षात पराशक्तीच बोलते आहे. आणि तो आवाज त्याला सांगतो की पराशक्ती कधीच बोललेली नाही. चित्रपटावर बंदी घालण्याची मागणी झाली, यात नवल नाही. परंतु नास्तिक मताचा प्रचार एवढाच या प्रसंगाचा अर्थ लावणे अपुरे होईल. वाणी ही देवतेकडून काढून माणसाकडे सोपवण्याचा तो क्षण आहे. त्या क्षणाला हळू आवाज चालला नसता. न्यायालयातील संवाद पुढे ध्वनिमुद्रिकांतून आणि पुस्तिकांतून घरोघर गेले, आणि नट होऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या पिढ्यांनी ते पाठ करून दाखवले. चित्रपटातील एक भाषण प्रवेशपरीक्षा बनावे, असे उदाहरण अन्य भारतीय भाषांत क्वचितच सापडेल.

३

शिवाजी गणेशन (१९२८-२००१) यांची जडणघडण मुलांच्या नाटक कंपन्यांत झाली. ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणे, शेकडो ओळी मुखोद्गत करणे आणि स्त्रीभूमिकेपासून राजभूमिकेपर्यंत सारे काही उभे करणे हे त्या शाळेचे शिक्षण. त्यांचे नावही रंगभूमीनेच दिलेले आहे. व्ही. सी. गणेशन या तरुणाने १९४० च्या दशकात सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ती पाहून पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' हे नाव बहाल केले. राज्याभिषेकाच्या अधिकाराचा वाद हा त्या नाटकाचा विषय होता. शिवाजीराजांकडे शूद्रांचा राजा म्हणून पाहण्याची जी दृष्टी जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात मांडली, तिच्याशी या नाटकाचे नाते जुळते. मराठी वाचकाला हा धागा केवळ कुतूहलाचा वाटू नये. सिंहासनावर बसण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नातून हे नाव आले आणि बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नातून या नटाचा पहिला चित्रपट आला.

'वीरपांडिय कट्टबोम्मन' (१९५९) मध्ये ही वाणी शिखराला पोहोचली. इंग्रज अधिकाऱ्यासमोर कराच्या मागणीला कट्टबोम्मन जे उत्तर देतो, त्यात आवाजाची चढण इतकी काटेकोर आहे की प्रत्येक प्रश्नार्थक वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा एका पायरीने वर जाते आणि तरीही श्वास तुटत नाही. कैरो येथील आफ्रो-आशियाई महोत्सवात १९६० साली या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तमिळ न जाणणाऱ्या परीक्षकांनाही या अभिनयातील शिस्त जाणवली असली पाहिजे.

तथापि या नटाला केवळ वाणीचा नट म्हणणेही एकांगी ठरेल. ए. पी. नागराजन यांच्या 'तिल्लाना मोहनांबाळ' (१९६८) मध्ये नादस्वरवादकाची भूमिका आहे. वादन एम. पी. एन. सेतुरामन-पोन्नुसामी बंधूंचे, पण गालांचे फुगणे, श्वास रोखताना मानेच्या शिरांचे उठणे, स्वर सोडताना डोळ्यांत येणारी तृप्ती ही सर्व आंगिक सूक्ष्मता नटाची आहे. त्याहूनही बोलका पुरावा 'अंद नाळ' (१९५४) देतो. एस. बालचंदर यांनी एकही गीत न घालता केलेला हा रहस्यपट. त्यात शिवाजींनी शत्रूला माहिती विकणाऱ्या अभियंत्याची भूमिका केली आहे. येथे त्यांचे बोलणे कोरडे, मोजके आणि आत्मसंतुष्ट आहे. 'पराशक्ती'नंतर अवघ्या दोन वर्षांत हा नट इतका थंड राहू शकत असेल, तर अन्यत्र दिसणारा त्याचा आवेग ही असमर्थता नसून निवड आहे, असेच म्हणावे लागते.

याचा अर्थ या शैलीतील सर्व काही समर्थनीय आहे असा मात्र नाही. भाषण जेव्हा कोणाच्या तरी विरुद्ध उभे असते तेव्हा ते नाट्य असते. विरोधक नाहीसा झाला की ते अलंकार बनते. १९७० नंतरच्या त्यांच्या अनेक चित्रपटांत नेमके हेच घडले. द्रविड चळवळीचा पक्ष १९६७ साली सत्तेवर आला होता. सभामंचाची तमिळ आता शासनाची तमिळ झाली होती. गुणशेखरनची भाषा पोलीस अधिकारी, जमीनदार आणि कुटुंबप्रमुख यांच्या तोंडी गेली, आणि तीच चढण, तोच कंप आज्ञापालनाच्या मागणीसाठी वापरला जाऊ लागला. शैली तीच राहिली, तिचा पत्ता बदलला. शिवाजींच्या उत्तरकालीन भूमिकांचा खरा दोष या ठिकाणी आहे. आवाजाच्या उंचीत तो शोधणे व्यर्थ होय.

४

दिग्दर्शकांकडे वळताना हा संदर्भ लक्षात ठेवावा लागतो. १९५० च्या दशकाअखेर श्रीधर यांनी संवादाला सभामंचावरून घराच्या खोलीत आणले. 'नेंजिल ओर आलयम' जवळजवळ सर्वस्वी एका रुग्णालयात घडतो. रुग्ण पती, त्याची पत्नी आणि तिचा पूर्वीचा प्रियकर असलेला डॉक्टर या तिघांना श्रोतृसमुदाय नाही. ते एकमेकांनाच ऐकतात. तमिळ चित्रपटातील कुजबूज येथे प्रतिष्ठित झाली. मात्र ती मध्यमवर्गीय कुजबूज होती, हेही नमूद केले पाहिजे.

के. बालचंदर यांचे स्थान अधिक व्यामिश्र आहे. हौशी रंगभूमीवरून आलेला हा दिग्दर्शक संवादावर जितका विसंबतो तितकाच संवादाविषयी साशंकही आहे. त्यांची पात्रे अखंड बोलतात. पण जे बोलायचे तेच नेमके बोलू शकत नाहीत. 'अवर्गळ' (१९७७) मध्ये कमल हासन यांचे पात्र बोलक्या बाहुलीचा खेळ करणारे आहे. स्वतःच्या तोंडून जे प्रेम व्यक्त करता येत नाही, ते तो बाहुलीच्या तोंडून बोलतो. ओठ न हलवता बोलणारा नट आणि ओठ हलवूनही स्वतःचे काही न बोलणारी बाहुली या जोडीत वाचिक अभिनयाची एक मार्मिक चिकित्सा दडलेली आहे. बालचंदर यांच्या प्रतीकयोजना पुष्कळदा हाताला लागतील इतक्या ठळक असतात, ही तक्रार रास्त आहे. परंतु तमिळ मध्यमवर्गाच्या, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या, कोंडलेल्या बोलण्याला त्यांनी 'अवळ ओरु तोडर्कदै' (१९७४) सारख्या चित्रपटांतून जी वाट दिली, तिला त्यांच्यापूर्वी उदाहरण नाही.

भारतीराजा यांच्या 'पदिनारु वयदिनिले' (१९७७) ने कॅमेरा स्टुडिओबाहेर नेला, हे सर्वमान्य आहे. त्यांनी कानही बाहेर नेला, याची नोंद तुलनेने कमी घेतली जाते. कमल हासन यांचा लंगडा, भोळसट चप्पाणी विड्याने भरलेल्या तोंडाने अडखळत बोलतो. गाव त्याला व्यंगावरून हाक मारते. मयिल त्याला त्याच्या खऱ्या नावाची आठवण देते आणि चप्पाणी म्हणणाऱ्याच्या थोबाडीत मारायला शिकवते. पंचवीस वर्षांपूर्वी आरोपीला ग्रांथिक तमिळ देऊन जी प्रतिष्ठा दिली गेली होती, ती येथे अडखळत्या ग्रामीण बोलीतच दिली जाते. हा बदल अभिनयाच्या तापमानाचा नाही. प्रतिष्ठेसाठी भाषा बदलण्याची अट येथे निघून गेली आहे.

या संक्रमणाचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मात्र महेंद्रन (१९३९-२०१९) यांचे आहे. 'तंगप्पदक्कम' हे कर्तव्यकठोर पोलीस अधिकाऱ्याचे नाटक त्यांनीच लिहिले. शिवाजींनी ते रंगभूमीवर गाजवले आणि १९७४ मध्ये पडद्यावरही. म्हणजे भाषणप्रधान शैलीच्या उत्तरकाळातील एक प्रमुख यश ज्याच्या लेखणीतून आले, त्यानेच चार वर्षांनी 'मुळ्ळुम मलरुम' (१९७८) दिग्दर्शित केला. जो संवाद लिहू शकत नाही त्याने मौन निवडणे आणि ज्याच्या संवादांवर टाळ्या पडल्या आहेत त्याने ते निवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमाचंद्रन यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात रजनीकांत डोंगरावरच्या विंचचा चालक काळी झाला आहे. अपघातात हात गमावल्यानंतरचा काळी बहुतांशी अबोल आहे. शेवटी बहिणीला तिच्या इच्छेप्रमाणे अभियंत्याच्या स्वाधीन करताना तो त्या माणसाला सांगतो, तुम्ही मला अजूनही आवडत नाही. समेटाच्या प्रसंगात समेट नाकारणारे हे वाक्य साध्या बोलीत, जवळजवळ सहज उच्चारले जाते. आधीच्या अबोलपणामुळेच त्याला वजन आले आहे.

पुदुमैप्पित्तन यांच्या 'सिट्रन्नै' या कथेचा आधार घेतलेला 'उदिरिप्पूक्कळ' (१९७९) याच वाटेने अधिक खोल जातो. विजयन यांनी उभा केलेला सुंदरवडिवेलू हा खलपुरुष आवाज न चढवता घरच्यांचे आयुष्य उद्ध्वस्त करतो. अखेर गावकरी त्याला नदीकाठी नेतात आणि स्वतःहून पाण्यात जायला भाग पाडतात. जाण्यापूर्वी तो त्यांना सुनावतो की, आपण आजवर बरीच दुष्कृत्ये केली, पण सर्वांत मोठे दुष्कृत्य म्हणजे तुम्हा सर्वांना आपल्यासारखे करून ठेवले. 'पराशक्ती'त आरोपीचे भाषण समाजाला दोषी ठरवत होते, येथेही ठरवते. पण तेथे आरोपी निष्पाप होता आणि येथे तो खरोखरच अपराधी आहे. सत्य बोलण्याचा हक्क निष्पाप माणसाचाच असतो, ही जुनी खात्री महेंद्रन काढून घेतात. प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यावी हे ते सांगत नाहीत.

बालू महेंद्र यांनी 'वीडु' (१९८८) मध्ये ही प्रक्रिया वेगळ्या टोकाला नेली. स्वतःचे छोटे घर बांधू पाहणाऱ्या नोकरदार तरुणीची ही कथा. गीते नाहीत आणि अर्चना यांच्या अभिनयात कोठेही 'प्रसंग' उभा केल्याची जाणीव नाही. पण चित्रपटाचा गाभा आहे तो चोक्कलिंग भागवतर यांच्या आजोबांत. भागवतर हे जुन्या रंगभूमीवरचे नट. अर्धवट उभ्या राहिलेल्या घरात जाऊन ते भिंतींवरून हात फिरवतात आणि त्या भेटीनंतर मृत्यू त्यांना गाठतो. या प्रसंगात शब्द जवळजवळ नाहीत. ज्या रंगभूमीवर 'नाटकी'पणाचे खापर फोडले जाते, तिच्यातच घडलेला नट येथे तमिळ चित्रपटातील सर्वांत शांत क्षणांपैकी एक देऊन जातो, याचा विचार 'भडक ते स्वाभाविक' अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी करावयास हवा.

५

रजनीकांत आणि कमल हासन यांच्याविषयी लिहिताना त्यांना परस्परविरोधी ध्रुव मानण्याची रूढी आहे. दोघेही बालचंदर यांच्या हाताखाली घडले. दोघांचे भाषेशी असलेले नाते मात्र भिन्न आहे. बंगळूरच्या मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड या तरुणाने तमिळ ही मिळवलेली भाषा म्हणून आत्मसात केली. त्यांच्या बोलण्यातील वेग, मध्येच तोडलेली वाक्ये आणि अनपेक्षित जागी येणारा विराम यांचा उगम तेथे असावा. शिवाजी गणेशन यांच्या समतोल वाक्यरचनेच्या तुलनेत ही वाणी अव्यवस्थित आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाला ती आपली वाटली. पुढे मात्र याच वाणीचे घोषवाक्यात रूपांतर झाले. 'बाशा' (१९९५) मधील सर्वांत गाजलेले वाक्य बोलण्याविषयीच आहे : आपण एकदा बोललो की ते शंभरदा बोलल्यासारखे, हा त्याचा आशय. येथे वाणीला काही सिद्ध करायचे नाही, कोणाला पटवायचेही नाही. ती केवळ स्वतःची सत्ता जाहीर करते. 'मुळ्ळुम मलरुम'मधील नटाची ही परिणती खेदजनक वाटली, तरी ती एका भाषिक इतिहासाची तर्कसंगत परिणती आहे.

कमल हासन यांच्या अभिनयात दोन्ही परंपरांचे अवतरण आढळते. मणिरत्नम यांच्या 'नायकन' (१९८७) मध्ये वेलू नायकर हा मुंबईच्या धारावीतील तमिळ वस्तीचा त्राता आणि गुन्हेगार आहे. ही धारावी तोट्टा तरणी यांनी मद्रासमध्ये उभारली होती. मराठी प्रेक्षकाने येथे एक गोष्ट हेरावी : या चित्रपटात राज्यसत्तेची नावे केळकर आणि पाटील अशी आहेत. परक्या भाषेच्या शहरात वेलूची तमिळ ही पुन्हा एकदा पिंजऱ्यातल्या माणसाची भाषा होते. पण मणिरत्नम त्याला भाषण देत नाहीत. त्यांची तुटक, दोन-तीन शब्दांची वाक्ये हा पुढे टिंगलीचाही विषय झाला. 'नायकन'मध्ये मात्र त्यांना अर्थ आहे. तू चांगला की वाईट, या नातवाच्या प्रश्नाला वेलूकडे उत्तर नाही, आणि चित्रपटाची सारी मांडणी या निरुत्तरतेसाठी आहे. मुलाच्या मृत्यूनंतर त्याचा जो विद्रूप, दबका आक्रोश होतो, त्यात शिवाजींचा आवेग आहे. फक्त त्याला शब्द दिलेले नाहीत.

दोन शैली समोरासमोर येण्याचा प्रसंग 'तेवर मगन' (१९९२) मध्ये आला. कमल हासन यांची पटकथा, भरतन यांचे दिग्दर्शन. लंडनहून परतलेला मुलगा गाव सोडून जाऊ पाहतो आणि वडील त्याला थांबवतात. आज पेरलेल्या बीजाची फळे पेरणाऱ्यालाच मिळतील असे नाही, हे वडिलांचे म्हणणे. शिवाजी हा संवाद संथ, थकलेल्या लयीत बोलतात. मधूनच जुना कंप येतो आणि ते तो आवरतात. सात वर्षांपूर्वी भारतीराजांच्या 'मुदल मरियादै' (१९८५) मध्ये त्यांनी हा संयम कमावला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा त्यांची मिशी, त्यांची चाल आणि त्यांचा पोशाख स्वीकारतो, तेव्हा अभिनयशैलीचा वारसा आणि जातीच्या सत्तेचा वारसा एकाच प्रतिमेत मिसळून जातात. या चित्रपटाचे सौंदर्य आणि त्याची अडचण ही दोन्ही येथेच आहेत. त्यातील एका गीताचा पुढे जातिगौरवासाठी उपयोग झाला. चित्रपटात हिंसेचा धिक्कार आहे, पण वाणी मात्र घराण्याबाहेर जात नाही. घरचा चाकर इसक्की एक हात गमावतो. ते पात्र वडिवेलू यांनी केले आहे.

येथे स्त्रियांच्या वाणीचा उल्लेख टाळता येणार नाही. ज्या चित्रपटसृष्टीत पुरुषनटाचा आवाज हे त्याचे भांडवल आहे, तेथे नायिकांना मात्र सर्रास दुसऱ्या स्त्रीचा आवाज दिला जातो. 'मुदल मरियादै'मधील राधा यांचा आवाज राधिका यांचा आहे. '९६' (२०१८) मधील त्रिशा यांचा आवाज चिन्मयी यांचा. या उसन्या आवाजांची गुणवत्ता वादातीत आहे. पण अभिनेत्रीच्या अभिनयाचे मूल्यमापन करताना देह कोणाचा आणि वाणी कोणाची, हा प्रश्नच समीक्षेने विचारलेला नाही. नायिकांच्या अभिनयाला 'बोलके डोळे' यापलीकडे शब्द न सापडण्याचे कारण कदाचित हेच असावे.

६

मणिरत्नम यांच्या 'इरुवर' (१९९७) ने या इतिहासालाच विषय केले. त्यात प्रकाश राज यांचा लेखक-नेता शब्दांवर जगतो आणि मोहनलाल यांचा नट-नेता चेहऱ्यावर. वाणी आणि प्रतिमा यांची मैत्री, मग स्पर्धा आणि अखेर एकाकी लेखकाने गेलेल्या मित्रासाठी केलेला शोक, असा तो आलेख आहे. पण हा इतिहास तेथे संपला नाही. त्याला खरे आव्हान मिळाले ते मारी सेल्वराज यांच्या चित्रपटांतून.

'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) चा नायक विधी महाविद्यालयात शिकणारा दलित तरुण आहे. 'पराशक्ती'चा विचार मनात ठेवून पाहिले, तर ही निवड विलक्षण वाटते. न्यायालयातील भाषणाने ज्या परंपरेचा आरंभ झाला, तिच्या सहासष्ट वर्षांनंतरचा हा भावी वकील वर्गात चाललेले इंग्रजी समजत नाही म्हणून अपमानित होतो. त्याचे वडील लोककलेत स्त्रीवेष घेऊन नाचणारे कलावंत आहेत. महाविद्यालयाच्या आवारात त्यांची विटंबना होते आणि मुलाला ते पाहावे लागते. कदिर या नटाने परियनला जे दिले आहे, त्याला 'स्वाभाविक' म्हणून मोकळे होता येत नाही. बोलायला सुरुवात करून थांबणे, गिळणे आणि हसून वेळ मारून नेणे ही ज्याच्या बोलण्याची किंमत जीव असू शकते अशा माणसाची देहबोली आहे. अखेरीस तो मुलीच्या वडिलांना सांगतो की, तुम्ही तुम्हीच राहाल आणि मी कुत्रा राहावे अशी अपेक्षा धराल, तोवर काहीही बदलणार नाही. हे बोलणे आक्रोशाच्या पट्टीत नाही. त्यानंतर पडद्यावर उरतात ते चहाचे दोन पेले आणि मधे एक फूल.

'मामन्नन' (२०२३) मध्ये मारी सेल्वराज यांनी 'तेवर मगन'लाच उत्तर दिले. तेथील इसक्की म्हणजे वडिवेलू येथे राखीव मतदारसंघातून निवडून आलेले आमदार मामन्नन आहेत. मुलाच्या भूमिकेत करुणानिधी यांचे नातू उदयनिधी स्टॅलिन आहेत, हा योग इतिहासानेच जुळवलेला. आमदार असूनही मामन्नन आपल्याच पक्षातील सवर्ण नेत्याच्या घरात खुर्चीवर बसत नाही. वडिवेलू यांचा किरटा, घाबरा, वेगवान आवाज ही तमिळ विनोदाची एक पिढीभराची ओळख. येथे त्यांनी तो आवाज जवळजवळ संपूर्ण मिटवून घेतला आहे. ज्या आवाजाला प्रेक्षक दशकानुदशके हसत आला, तो गप्प झाल्यावर त्या हसण्यातील अन्याय प्रेक्षकाला जाणवतो. शेवटी मामन्नन विधानसभेचा सभापती होतो. कोणी बोलावे आणि कोणी बसावे, हे ठरवण्याचा अधिकार ज्या आसनाला आहे त्यावर तो बसतो. मधली हाणामारी ठोकळेबाज आहे आणि खलनायकाचे आकर्षण दिग्दर्शकाच्या हेतूवर मात करते, हे दोष मान्य करूनही या शेवटाचे औचित्य उणावत नाही.

या पार्श्वभूमीवर पी. एस. विनोदराज यांचा 'कूळांगल' (२०२१) पाहावा. तापलेल्या माळरानावरून दारुड्या बाप आणि लहान मुलगा चालत राहतात. मुलगा क्वचितच बोलतो. रॉटरडॅमच्या महोत्सवात या चित्रपटाला टायगर पुरस्कार मिळाला आणि जुन्या वाचाळ तमिळ चित्रपटातून सुटका झाल्याचे समाधान पुष्कळांनी मानले. ते समाधान चुकीच्या जागी आहे. त्या मुलाचे मौन आणि गुणशेखरनचे भाषण या दोन विरोधी शैली भासल्या, तरी त्यांचा प्रश्न एकच आहे. एकाला बोलण्याची संधी मिळाल्याबरोबर त्याने ती पूर्ण आवाजानिशी घेतली. दुसऱ्याच्या वाट्याला ती आलेलीच नाही.

तमिळ चित्रपटातील अभिनयाचे मूल्यमापन आवाजाच्या उंचीवरून करणारी समीक्षा या दोघांपैकी एकालाच मान्यता देऊ शकते. तिने 'भडक' हे विशेषण वापरण्यापूर्वी बोलणारा कोण आहे आणि तो किती पिढ्यांनंतर बोलतो आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल.